शेजारी आजारी आहे, मदत करायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मोठं आजारपण आलं की पहिल्या आठवड्यात इतके डबे येतात की फ्रिजमध्ये जागा उरत नाही. दोन महिन्यांनी बेल वाजायची थांबते आणि खरी ओढाताण तिथून पुढे सुरू होते. खालचे प्रश्न शेजारी, मित्र, सहकारी आणि लांबच्या नातेवाइकांकडून नेहमी येतात. उपचारांचा निर्णय अर्थात डॉक्टरांचा. इथे आहे ते उरलेलं सगळं.

“काही लागलं तर नक्की सांगा” असं सांगून आलो. पण कुणी काही सांगतच नाही. का?

कारण सांगायचं काम तुम्ही त्यांच्याच गळ्यात टाकून आलात. आधीच थकलेल्या माणसाला मग काय मागावं, कुणाकडे मागावं, जास्त तर होत नाही ना, असा सगळा विचार करावा लागतो. त्यापेक्षा फोन करणंच तो सोडून देतो.

काम, दिवस आणि वेळ तुम्हीच ठरवून विचारा. “मंगळवारी सकाळी मंडईत जातेय, तुमची कोणती भाजी आणू?” “शनिवारी चार ते सहा मी आजोबांजवळ बसतो, तुम्ही बाहेरची कामं उरका.” “औषधांची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर टाका, येताना घेऊन येतो.” याला हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं असतं. आणि एक छोटं काम सहा महिने न चुकता केलंत, तर पहिल्या दिवशीच्या धावपळीपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

मजल्यावर चार-सहा जण तयार असतील तर कुणीतरी एकाने वार वाटून द्यावेत. सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर हे करू नका. तिथे रिपोर्टचे फोटो फिरायला लागतात आणि घरच्यांना शंभर लोकांना उत्तरं देत बसावं लागतं.

डबा द्यायचा आहे. काय लक्षात ठेवू?

आधी पथ्य विचारा: मीठ किती, साखर चालते का, पातळ चालतं की घट्टच हवं, तिखट किती. रुग्णाचं जेवण बहुतेक घरचेच करतात. अडतं ते बाकीच्यांचं. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांचा डबा आणि रात्री दवाखान्यात थांबणाऱ्याच्या दोन पोळ्या व कोरडी भाजी, ही मदत जास्त कामाची. एकाच दिवशी तीन घरांतून डबे आले की निम्मं वाया जातं, म्हणून वार वाटलेले बरे.

आणखी एक. आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नाही अशी पद्धत आहे. ती पाळायला त्या घरातली बाई रात्री अकरा वाजता शिरा करत उभी राहते. देतानाच सांगा, “डबा न धुता, रिकामाच दाराबाहेर ठेवा, मी उचलते.”

भेटायला जाताना शहाळं नेलं तर चालतं ना?

किडनीच्या रुग्णाकडे अजिबात नाही. आजाऱ्याला शहाळं ही आपली ठरलेली रीत आहे, पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निकामी झालेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि कधी कधी हृदय बंदही पडतं. केळी, संत्री-मोसंबी, सुकामेवा आणि टोमॅटोचं सार यांचंही तेच. कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या फोडी पडणारं आंबट फळ, तर किडनीच्या रुग्णाला थेट विषारी ठरतं.

“कमी सोडियमचं” मीठ हा फसवा प्रकार. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबाला चांगलं म्हणून कुणी प्रेमाने आणून दिलं आणि ते स्वयंपाकात गेलं, तर महागात पडतं.

पाण्याचंही असंच. डॉक्टरांनी दिवसाचं माप ठरवून दिलेलं असतं. चहा, ताक, आमटी, सरबत, कलिंगड हे सगळं त्या मापात धरलं जातं. तुमच्या घरी ते आले आणि चहा नको म्हणाले, तर आग्रह करू नका. तुमचा एक कप म्हणजे त्यांचं रात्रीचं औषध घ्यायचं पाणी असू शकतं. किडनीचा त्रास नसलेल्या, नुसता ताप येऊन गेलेल्या माणसाकडे शहाळं खुशाल न्या.

डायलिसिसच्या दिवशी नेमकी कसली मदत होते?

परतीच्या प्रवासाची. बहुतेकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चारेक तास असतं. जाताना माणूस बरा असतो. येताना रक्तदाब उतरलेला, पायात गोळे आलेले, डोकं हलकं. रिक्षा मिळवायला उन्हात उभं राहणं त्याच वेळी जमत नाही. आठवड्यातली एक परतीची खेप तुम्ही घेतलीत, तरी घरच्या माणसाची एक अर्धी रजा वाचते.

हातावर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) केलेला असेल, तर तो हात जपा. आधार द्यायला तो हात धरून ओढू नका, त्या हातात पिशवी देऊ नका, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ नको. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुईही टोचायची नाही. घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त येऊ लागलं, तर स्वच्छ कापडाने बोटांनी घट्ट दाबून धरा आणि हात वर उचला. मध्येमध्ये उघडून बघू नका. थांबत नसेल किंवा जोरात येत असेल, तर दाब तसाच ठेवून दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

सोसायटीच्या कमिटीलाही एक सांगणं: लिफ्टचं काम काढायच्या आधी या घराचे डायलिसिसचे वार विचारा.

अर्धांगवायू झालेल्या माणसाला उठवताना हात धरून ओढू का? काखेत हात घातला तर?

दोन्ही नको. लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. हात ओढला की सांधा खाली सरकतो, आणि खांद्याचं ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. मग व्यायामच बंद पडतो.

पलंगावरून खुर्चीत बसवायचं असेल तर खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला जरा तिरकी आणि अगदी लागून ठेवा. चाकाची असेल तर दोन्ही ब्रेक लावा, पायटे बाजूला करा. त्यांना पलंगाच्या कडेला आणून पावलं जमिनीवर पूर्ण टेकवा. ती गुडघ्यांच्या किंचित मागे हवीत. आता पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे यायला हवं. बहुतेक जण इथेच चुकतात आणि माणसाला सरळ वर खेचायला बघतात. माणूस पुढे झुकला की ढुंगण आपोआप उचललं जातं. तुम्ही लुळ्या बाजूला उभे राहा आणि कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरून फक्त आधार द्या. “एक, दोन, तीन” मोठ्याने म्हणा. तिघांनी तीन वेगवेगळ्या क्षणी जोर लावला तर सगळेच पडतात.

तोल गेलाच तर उभं धरून ठेवायचा हट्ट करू नका. आपल्या अंगावरून हळूहळू खाली बसवा. जमिनीवर बसलेल्या माणसाला सावकाश उठवता येतं. एकदा मांडीचं हाड मोडलं तर नाही.

सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. आणि बटणं ते स्वतः लावत असतील तर लावू द्या, दहा मिनिटं लागली तरी.

त्यांना बोलायला येत नाही. समजतं तरी का?

बहुधा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त समजतं. अर्धांगवायूनंतर पुष्कळांचे शब्द जातात, बुद्धी नाही. “पाणी” म्हणायचं असताना तोंडातून “घड्याळ” येतं आणि ते आपलंच चुकलंय हेही त्यांना कळतं.

टीव्ही बंद करा. समोर बसा. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर येईल असा: “चहा हवाय?” “चहा की कॉफी की दूध, आणि साखर घालू का?” असं विचारलं की गाडी तिथेच अडते. विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहा. ती फार लांब वाटतात, पण शब्द शोधायला तेवढी लागतात. वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्यांनी खूण केली तर करा. मोठ्याने ओरडण्यात अर्थ नाही, कान ठीक असतात. पलंगाशी पाण्याचा पेला, शौचाचं भांडं, पंखा, दुखतंय, झोपायचंय अशी पाच-सहा चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली तर फार उपयोग होतो.

आणि त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल घरच्यांशी बोलू नका. “काका जेवले का?” हे काकूंना नाही, काकांनाच विचारा.

अर्धांगवायू झालेल्या माणसाजवळ थोडा वेळ बसायला सांगितलं आणि तेवढ्यात भरवायची वेळ आली तर?

आडवं ठेवून कधीही भरवू नका. पाठीला उशा लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे. अर्धा चमचा घास, तोही चांगल्या बाजूने. गिळल्याचं गळ्याशी दिसल्यावर तोंडात बघा, कारण लुळ्या गालात घास साठून राहतो. मगच पुढचा. साधं पाणी सर्वांत लवकर श्वासनलिकेत जातं, त्यापेक्षा मऊ भात किंवा घट्ट पेज सोपी. म्हणून घरच्यांनी “पाणी घट्ट करून” द्यायला सांगितलं असेल तर तसंच द्या. जेवताना खोकला येत असेल किंवा आवाज ओला, घोगरा येत असेल तर थांबा. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

दोन तास बसतो म्हटलं आहे. जाण्याआधी काय विचारून घेऊ?

औषध आहे का आणि किती वाजता. लघवी-शौचाची सोय काय. घरच्यांचा फोन आणि डॉक्टरांचा फोन. पडले किंवा दम लागला तर आधी कुणाला बोलवायचं. एवढं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलेलं असलं म्हणजे पुढच्या माणसालाही उपयोगी.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची असते: डावी, पाठ, उजवी. न बदलल्यास माकडहाड, टाचा, खुबा यांवर दाबाने जखमा होतात. कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो पांढरा होत नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजा. तिथे चोळू नका, आतली कातडी आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढा आणि घरच्यांना सांगा. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. मधे भोक असलेली गोल उशी वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. लघवीची पिशवी लावलेली असेल तर कूस बदलताना ती उचलून अंथरुणावर ठेवू नका. तिची जागा नेहमी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली.

ऑक्सिजनचं मशीन असलेल्या खोलीत निरांजन, अगरबत्ती, सिगरेट काहीच नको. देवाचा अंगारा लावायला आलेली मंडळी नेमकी उदबत्ती पेटवूनच येतात, त्यांना दाराशीच सांगा.

रस्त्यात कुणाला फीट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची का?

नाही. बहुतेक फीट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं.

करायचं ते इतकंच. घड्याळ बघा. जवळचे दगड, खुर्च्या, गाड्या बाजूला करा. डोक्याखाली दुपट्टा किंवा पिशवी, चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, किल्ली, बोट काहीही घालू नका. त्याने दात तुटतात, तुमचं बोटही. “जीभ गिळते” ही समजूत खोटी आहे. झटके थांबले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर पडेल. पाच मिनिटांहून जास्त वेळ चालली, शुद्धीवर न येता पुन्हा आली, पाण्यात आली, बाई गरोदर असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फीट असेल, तर १०८ बोलवा.

नंतरचा अर्धा तास माणूस गोंधळलेला असतो. कपडे ओले झाले असतील तर एखादी ओढणी, शाल कमरेभोवती द्या आणि गर्दी हटवा. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणी पाजू नका. “घरी कसं जाणार?” हे विचारणारा एक जण शेवटपर्यंत थांबावा, बाकीच्यांनी गेलं तरी चालेल.

व्हीलचेअर ढकलून द्यायची का?

विचारल्याशिवाय नाही. स्वतः चालवणाऱ्याला मागून अचानक ढकललं तर बोटं चाकात अडकतात.

हो म्हणाले तर उतारावर खुर्ची उलटी करून, म्हणजे तुम्ही उताराच्या बाजूला राहून मागे मागे उतरा. एक पायरी चढायची असेल तर समोरून जा, मागच्या दांडीवर पाय ठेवून खुर्ची मागे कलती करा, पुढची छोटी चाकं वर टेकवा, मग मोठी चाकं ढकला. उतरताना उलटं: खुर्ची फिरवून मोठी चाकं आधी.

जिना असेल तर किमान दोघे. चढतानाही आणि उतरतानाही बसलेल्याचं तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला, आणि दोघांतला ताकदीचा माणूस वर, पाठीशी. खालच्याने सांगाड्याची पक्की नळी धरायची. हातटेकू आणि पायटे अनेक खुर्च्यांत निघतात, ते धरून उचललं की हातात येतात आणि माणूस खाली जातो. बॅटरीवरची खुर्ची माणसासकट उचलायच्या फंदात पडू नका.

आमच्या इमारतीत रॅम्प आहे, तरी काका बाहेर पडत नाहीत. असं का?

तो रॅम्प मोजून बघा. बहुतेक ठिकाणी पायऱ्यांवर टाकलेला लोखंडी पत्रा असतो, स्कूटर चढवण्यापुरता. व्हीलचेअरला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. अशा तीन पायऱ्या असतील तर उतारच साडेपाच मीटरच्या आसपास जातो. एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. दोन्ही बाजूंना कठडा हवा. गुळगुळीत लादी बसवू नका. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते आठवड्याला घासावं लागतं. आणि रॅम्पच्या तोंडाशी ॲक्टिव्हा लावणारा नेहमी “दोनच मिनिटांसाठी” लावतो.

पुष्कळदा अडसर रॅम्पनंतर असतो. लिफ्टच्या दारातून खुर्ची जात नाही, किंवा फाटकाची छोटी झडपच उघडी असते. वॉचमनला मोठं फाटक उघडायला सांगून ठेवणं, याला खर्च शून्य.

अंध माणसाला रस्ता ओलांडून द्यायचा असेल तर?

दंड पकडून ढकलू नका, काठी तर मुळीच धरू नका. “मी मदत करू का?” म्हणून आपलं कोपर पुढे करा. ते कोपराच्या वर धरतील, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की “चढायची” किंवा “उतरायची” हे सांगा. नुसतं “सांभाळून” म्हटल्याने काहीच कळत नाही. रस्ता ओलांडून झाला की तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगून निरोप घ्या.

ताटाबद्दल घड्याळाच्या काट्यांनी सांगा: बाराला भात, तीनला भाजी, नऊला वाटी. घरात आवराआवर करून वस्तू “नीट” ठेवू नका, त्यांची नीट जागा ठरलेली असते. लिफ्टमध्ये मजला मोठ्याने बोलला तर सगळ्यांनाच बरं.

केमोथेरपी चालू असलेल्याकडे जावं का?

आधी फोन करा. डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत सर्दी असलेल्याने जाऊ नये, आणि शाळेतून ताप घेऊन आलेल्या मुलांनाही नेऊ नये. फुलांचा गुच्छ, कापलेली फळं, बाहेरची चटणी टाळा. साबणाने हात धुवा, पंधरा-वीस मिनिटं बसा, उठा. त्यांना १००.४ फॅरनहाइट ताप भरला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा असतो. अशा वेळी गाडी काढणारा शेजारी हवा.

काय बोलू नये?

“आमच्या मावशीलाही हेच झालं होतं, गेली बिचारी.” “काय पाप केलं होतंस.” “पॉझिटिव्ह राहा.” आणि कुणाच्या तरी काढ्याचा पत्ता. किडनीच्या रुग्णाला भस्म, काढे, किंवा अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी सुचवणं ही मदत नव्हे. बोलायला विषय हवाच असेल तर मॅचचा स्कोअर, गच्चीतली कुंडी, कमिटीतलं भांडण. आजारी माणसालाही भांडणाची बातमी आवडते.

पैशांची मदत कशी करू? त्यांना लाजिरवाणं वाटू नये.

एखादा ठरलेला खर्च उचला: महिन्याचे डायपर (कमरेचं माप विचारून), डायलिसिसची रिक्षा, मुलाची क्लासची फी. त्यांना न विचारता ग्रुपवर क्यूआर कोड टाकू नका. दिलेल्या पैशांचा हिशेब विचारायचा असेल तर देऊच नका.

मदत नको म्हणाले तर?

ठीक आहे म्हणा आणि पंधरा दिवसांनी दुसरं, लहान काम विचारा. त्यांच्याकडूनही काहीतरी मागत राहा: हिशेब तपासून घ्या, मुलाची इंग्रजी वही दाखवा, लोणच्याचं प्रमाण विचारा. नुसतं घेत राहणं कुणालाच झेपत नाही.

सरकारी कागदपत्रांत शेजारी काय करू शकतो?

बरंच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. अर्ज भरून देणं आणि तपासणीच्या दिवशी रांगेत त्यांच्या जागी उभं राहणं, ही दोन्ही कामं तुमची. तपासणी कोणत्या वारी असते ते आधी रुग्णालयात विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते. नुसतं डायलिसिस चालू असणं या २१ प्रकारांत बसत नाही, तिथे वेळ घालवू नका. डायलिसिससाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा, योजनेतल्या रुग्णालयात त्यासाठी आरोग्यमित्र बसतो.

४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलं तर निवडणुकीत घरून मतदानाचा पर्यायही मिळू शकतो, त्यासाठी नमुना १२-ड लागतो. तो भरायची मुदत फार थोडी असते, म्हणून निवडणुकीची अधिसूचना निघाली की लगेच बीएलओला, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठा.

फाइल एकच करा: वर आधार आणि प्रमाणपत्र, खाली तारखेप्रमाणे रिपोर्ट, मागच्या कप्प्यात प्रत्येकी पाच झेरॉक्स आणि आठ पासपोर्ट फोटो. खिडकीवर झेरॉक्सच द्या. मूळ कागद दाखवायला मागितला तर दाखवून तिथेच परत घ्या आणि फाइलमध्ये घातल्याशिवाय खिडकी सोडू नका.